कपाट कुठल्या पट्टीत थरथरतं?

बयो, ते नवं प्लगइन घेऊ नकोस. निदान आत्ता तरी नकोच. 'फक्त आजच्यापुरती सूट' पुढच्या महिन्यातही असणार आहे, तिची काळजी तू करू नकोस. तुझा ट्रॅक मी हेडफोनवर ऐकला, गाडीत ऐकला, भाजी चिरताना फोनवर ऐकला. हेडफोनवर ठीकठाक होता. गाडीत बेस नुसता घुमत होता, काच खाली केली तरी. आणि फोनवर बेस आहे की नाही हेच कळेना. तू लिहितेस, आवाजात दम नाही, भारीतला कॉम्प्रेसर घ्यावा लागेल. अगं, जे काही बिघडलंय ते जवळजवळ सगळं ४० ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात बिघडलंय, आणि तिथे काय चाललंय ते तुला तुझ्या खोलीत बसून ऐकूच येत नाहीये. जे ऐकू येत नाही ते कुठला कॉम्प्रेसर दुरुस्त करणार?

तेव्हा आधी खोलीचा हिशेब कर. खोली दहा बाय दहा, म्हणजे साधारण ३.०५ मीटर. आपल्याकडच्या उकाड्यात आवाज सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास धावतो. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्ये ज्या लहरीची अर्धी लांबी नेमकी मावते, ती लहर तिथे अडकते आणि फुगते. ३४५ भागिले ६.१, म्हणजे ५६-५७ हर्ट्झ. तुझी खोली चौरस, त्यामुळे लांबीकडून तोच आकडा, रुंदीकडूनही तोच. छत साडेनऊ फुटांवर, तिकडून साठाच्या जरा खाली. म्हणजे तिन्ही बाजूंनी एकाच जागी मार. बिल्डरनं काही ड्रम अँड बेस डोळ्यांपुढे ठेवून खोली बांधली नव्हती, हे मान्य.

आता ड्रम अँड बेसमधला सब, म्हणजे अगदी तळाचा बेस, कुठे राहतो ते बघ. आजीच्या पेटीच्या भाषेत सांगते म्हणजे पटकन कळेल. बरेचसे ट्रॅक पांढरी तीन ते पांढरी पाचच्या दरम्यान बांधलेले असतात. सबच्या सप्तकात ती होते ४१ ते ४९ हर्ट्झ. त्याच्या खाली गेलं तर बहुतेक स्पीकर हात टेकतात, आणि फार वर गेलं तर पोटात बसणारा धक्का पातळ होतो. बेसलाइन वर चढली की पांढरी सहा ५५ वर आणि काळी पाच ५८ वर. म्हणजे तुझी बेसलाइन पांढरी सहावर आली रे आली की खोली तिच्याबरोबर गायला लागते. पण हे गाणं भिंतींजवळ ऐकू येतं. खोलीच्या बरोबर मधोमध हाच स्वर जवळजवळ मरतो. आणि तू खुर्ची टाकतेस कुठे? पलंग आणि कपाट यांच्या मधे, बरोबर मध्यावर. तुला बेस कमी वाटला, तू फेडर वर ढकललास, आणि माझ्या गाडीच्या काचा वाजायला लागल्या.

एक वही घेऊन बस. सॉफ्टवेअरमधल्या कुठल्याही सिंथवर साधी साइन लहर लाव, आवाज बेताचा ठेव, आणि ३० पासून १०० हर्ट्झपर्यंत एकेक स्वर वाजव. कुठल्या स्वराला लोखंडी कपाटाचं दार थरथरतं, कुठल्या स्वराला खिडकीची काच बोलते, आणि कुठला स्वर बसल्या जागी गायब होतो, सगळं लिहून काढ. मग तोच गायब झालेला स्वर चालू ठेवून उठ आणि कोपऱ्यात जाऊन उभी राहा. तिथे तो छातीवर येईल. हे एकदा अंगानं कळलं की पुढे मिक्स करताना 'पांढरी सहा फार मोठी झाली' असं वाटेल तेव्हा तूच म्हणशील, थांब, ही खोली बोलतेय.

यावर उपाय म्हणून ते काळे टोकदार फोमचे तुकडे मागवू नकोस. ५० हर्ट्झची लहर सात मीटर लांब असते, दोन इंची फोमला ती ओळखही देत नाही. फोमनं फक्त वरचा चकचकाट मरतो, आणि खोली आणखी बेसाळ वाटायला लागते. त्यापेक्षा माळ्यावरच्या कापसाच्या जुन्या गाद्या खाली काढ, गुंडाळी करून समोरच्या दोन्ही कोपऱ्यांत उभ्या कर. त्यानंही ५० हर्ट्झ आटोक्यात येणार नाही, पण शंभराच्या वरचा गोंधळ बराच बसेल, आणि खर्च शून्य. मुख्य म्हणजे टेबल हलव. समोरच्या भिंतीपासून तुझं डोकं पावणेचार फुटांवर यायला हवं, आणि डावी-उजवीकडच्या भिंती सारख्या अंतरावर. तुझे पाच इंची मॉनिटर स्पीकर पन्नासच्या खाली तसेही दमतात. म्हणून सबचा निवाडा हेडफोनवर कर आणि बाकी सगळ्याचा मॉनिटरवर. दोघांचं एकमत झालं नाही तर गाडी आहेच.

आणि आवाज कमी ठेव. हे मी सोसायटीतल्या काकांसाठी सांगत नाहीये, जरी त्यांनाही बरं वाटेल. आवाज मोठा असला की आपल्या कानाला बेस जास्त भरलेला वाटतो आणि लहान असला की तोच बेस पातळ वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच हे मोजून ठेवलंय. रात्री मोठ्या आवाजात केलेला मिक्स सकाळी केविलवाणा वाटतो तो याच्यामुळे. शेजारच्याशी आवाज न चढवता बोलता येईल इतकाच आवाज ठेव. कधीतरी पाच मिनिटं मोठा करून बघ, आणि परत खाली आण. शिवाय ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो असं धरतात, पण दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होत जाते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. कान काही हप्त्यानं मिळत नाहीत.

आता ड्रमकडे येऊ. तुझ्या प्रोजेक्टमध्ये स्नेअरचे आठ थर आहेत. आठ! का गं? प्रत्येक थर दुसऱ्याचा दात पाडतोय. या संगीताचा अर्धा संसार एका माणसाच्या सहा-सात सेकंदांच्या वाजवण्यावर उभा राहिलाय, हे तुला माहीत आहे ना? १९६९ साली 'द विन्स्टन्स' नावाच्या अमेरिकन बँडनं 'आमेन, ब्रदर' नावाचं गाणं एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं. मधे सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन चार बार एकटाच ड्रम वाजवतो. विशीच्या आतबाहेरची लंडनची पोरं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते चार बार सॅम्पलरमध्ये घालून, तुकडे करून, उलटसुलट जोडून पळवायला लागली, आणि त्यातून 'जंगल' हा प्रकार आणि मग ड्रम अँड बेस उभं राहिलं.

तो तुकडा एकदा नीट ऐक, लूप लावून नाही, कान देऊन. पहिले दोन बार सारखे. तिसऱ्यात शेवटचा स्नेअर जरा उशिरा येतो. चौथ्यात पहिली मात्रा रिकामीच सोडलेली, आणि शेवटाकडे झांज अपेक्षेआधी फुटते. मोठ्या ठोक्यांच्या मधे स्नेअरवर हलके, जवळजवळ न ऐकू येणारे ठोके आहेत, त्यांना घोस्ट नोट म्हणतात. सगळी चाल त्या हलक्या ठोक्यांत आहे. मूळ लय मिनिटाला १३७ ठोक्यांच्या आसपासची. जुन्या पद्धतीनं, म्हणजे टेप पळवावी तसं, ड्रम अँड बेसच्या १७४ वर नेलंस तर स्वर चारेक पट्ट्या वर चढतो. स्नेअरचा तो कडक, टणत्कारी आवाज त्यातूनच आला. तू सॉफ्टवेअरला 'स्वर तोच ठेवून लय वाढव' म्हणतेस आणि मग स्नेअर मऊ का पडला म्हणून विचारतेस. तो पर्याय बंद कर आणि ऐक.

कोलमनला यातून दमडीही मिळाली नाही. २००६ साली तो गेला. बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी काढून २४,००० पौंड जमवले, तेवढंच. म्हणून माझा आग्रह आहे, शिकताना आमेन खुशाल काप, पण ट्रॅक बाहेर काढायचा असेल तर ड्रम स्वतः रचून घे किंवा परवाना असलेले घे.

रचायचे तर चौकट साधी आहे. सोळा घरांचा बार धर: किक पहिल्या आणि अकराव्या घरात, स्नेअर पाचव्या आणि तेराव्या. यात काही बिघडलेलं नाही, हजारो ट्रॅक यावर चालतात. स्नेअर एकच चांगला निवड, ज्याचं पोट दोनशे हर्ट्झच्या आसपास आहे. वर चटका हवा असेल तर फार तर एक थर. मग घोस्ट नोट हातानं टाक, त्यांचा जोर मुख्य स्नेअरच्या पाव-तृतीयांश ठेव आणि एखादी मुद्दाम किंचित मागे ओढ. सॉफ्टवेअर सगळं रेषेवर आणून बसवायला टपलेलंच असतं, त्याला आवर. रिव्हर्बही आखूड. दोन स्नेअरमध्ये सातशे मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ असतो. पहिल्याचा पडसाद विरायच्या आत दुसरा आला की चिखल झालाच.

तू ढोलकी आणि तबला घालायचं म्हणतेस, ते मला आवडलं. ही वाट काही नवी नाही. लंडनच्या तल्विन सिंगनं तबला आणि ड्रम अँड बेस एकत्र आणलं, आणि त्याच्या 'ओके' या अल्बमला १९९९ साली मर्क्युरी पुरस्कार मिळाला. त्याच्या दोनच वर्षं आधी तोच पुरस्कार ब्रिस्टलच्या रोनी साइज आणि रेप्राझेंट यांच्या 'न्यू फॉर्म्स'नं घेतला होता. पण सॅम्पल पॅकमधला तबला नुसता चिकटवू नकोस. तुझा ट्रॅक पांढरी पाचमध्ये आहे आणि तो तबला काळी एकला मिळवलेला आहे. हे दोन स्वर एकमेकांच्या बरोबर विरुद्ध टोकाला. 'ता' पडला की कानात खडा लागतो. दादाच्या मित्राला बोलाव, तबला पांढरी पाचला मिळवून घे, नाहीतर त्या पट्टीचा वेगळा आण, आणि स्वतः रेकॉर्ड कर. त्या वेळी पंखा बंद, आणि लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर. दोन पिनी चार्जरला अर्थिंग नसतं, त्यामुळे ५० हर्ट्झची आणि तिच्या पटीतली गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये शिरते. पांढरी पाच म्हणजे ४९ हर्ट्झ, तिच्या अगदी खेटून. नंतर ती गुणगुण काढायला गेलीस तर सबलाही कात्री लागेल. डग्ग्याचा घुमारा सुंदर असतो, पण तो सबच्याच जागेवर हक्क सांगतो. डग्गा घुमेल तिथे सब गप्प ठेव, किंवा डग्ग्याचा तळ काप. दोघांचेही लाड एकाच वेळी करता येणार नाहीत.

किक आणि सबचंही तेच. एका म्यानात दोन तलवारी राहात नाहीत. बरेच जण किकचं वजन नव्वद-शंभर हर्ट्झच्या आसपास ठेवतात आणि खालचा सगळा मजला सबला देतात. तुझी किक पंचावन्नवर आहे, सबही तिथेच, आणि मग तू दोघांवर कॉम्प्रेसर लावून भांडण सोडवायला बसतेस. किकच बदल. त्यानंतर किकनं सबला क्षणभर खाली ढकलायचं, ते साईडचेन लाव. पण ते लगेच सुटलं पाहिजे. १७४ च्या लयीत पाव मात्रा ८६ मिलिसेकंदांची असते. सुटायला तेवढाही वेळ लागू देऊ नकोस, नाहीतर बेस धापा टाकायला लागतो. एक गोष्ट फुकटची आहे आणि कोणी करत नाही: सबच्या चॅनलवरचं फेज उलटं करायचं बटण दाबून बघ. ज्या बाजूला किक आणि सब एकत्र जास्त भरीव वाटतील, ती बाजू ठेव. कधीकधी अख्ख्या आठवड्याचं इक्यू त्या एका बटणात असतं.

तुझ्या रीस बेसबद्दल. हा आवाज आला डेट्रॉइटहून. केव्हिन सॉन्डरसननं १९८८ साली रीस या नावानं काढलेल्या एका टेक्नो ट्रॅकमधला तो बेस जंगलवाल्यांनी उचलला. युक्ती एवढीच की करवतीच्या दातांसारख्या दोन लहरी एकमेकींपासून किंचित बेसूर ठेवायच्या. त्या एकमेकींवरून सरकत राहतात आणि आवाज गुरगुरतो. पण जी सरकासरकी वर कानाला गोड लागते ती खाली घात करते, कारण लहरी एकमेकींना खोडतात आणि सब येतो-जातो, येतो-जातो. तुझा बेस दर दोन बारांनी दम सोडतो तो याच्यामुळे. रीस शंभराच्या खाली पूर्ण काप, आणि त्याच्याखाली वेगळा साइनचा सब ठेव: साधा, एकसुरी, मोनो. मोनोचा आग्रह रेकॉर्डच्या जमान्यापासूनचा आहे. तळाचा बेस दोन बाजूंना पसरलेला असला की व्हिनाइलवर सुई उडायची. आता सुई नाही, पण बहुतेक क्लबांत सब अजूनही मोनोच वाजतो.

मग फोनवर बेस ऐकू कसा येणार, विचारशील. ४९ हर्ट्झ फोनच्या स्पीकरमधून येणारच नाहीत. पण सबला थोडं डिस्टॉर्शन दिलंस तर ९८, १४७, १९६ असे वरचे स्वर तयार होतात, आणि त्यातले एकदोन ऐकू आले तरी मेंदू खालचा मूळ स्वर आपला आपण धरून घेतो. थोडंच दे. भाजीत मीठ घालायला आईनं शिकवलंय तेवढ्या हातानं.

तू शेवटी खाली बारीक अक्षरात लिहिलंयस ना, 'ग्रुपमधले मुलगे म्हणतात मुलींना डीजेइंग जमेल, प्रॉडक्शन नाही,' ते मला आधी दिसलं. त्यांना विचार, मेटलहेड्झ हे लेबल माहीत आहे का. असेलच, टी-शर्ट घालून फिरतात. १९९४ साली ते निर्माता गोल्डीच्या बरोबरीनं केमिस्ट्री आणि स्टॉर्म या दोघी डीजेंनी उभं केलं. गोल्डीला या संगीताच्या दारापर्यंत नेलं तेच या दोघींनी, लंडनच्या 'रेज' नावाच्या क्लब-रात्रींना. स्टॉर्म आधी इस्पितळात एक्स-रे काढायचं काम करायची. केमिस्ट्री १९९९ साली रस्त्यावरच्या अपघातात गेली. स्टॉर्म त्यानंतरही वाजवत राहिली. बाकी त्या मुलग्यांना उत्तर देत बसू नकोस. त्यांच्या ट्रॅकमधला सबही येतो-जातोच आहे, मी ऐकलाय.

मास्टरिंगचं आत्ता डोक्यात घेऊ नकोस. व्यावसायिक ट्रॅक तुझ्यापेक्षा मोठे वाजतात, कारण हे संगीत फार दाबून मास्टर करतात. पण स्पॉटिफाय डिफॉल्टनं सगळ्यांना उणे १४ एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) पातळीवर आणून ठेवतं, त्यामुळे तिथे नुसत्या मोठेपणाचा फायदा नाही. मिक्स करताना मास्टरवरचा लिमिटर काढून टाक, सगळ्यात वरचं टोक उणे सहा डेसिबलच्या आसपास राहू दे. तुलनेसाठी तुझ्या आवडीचा एक ट्रॅक प्रोजेक्टमध्ये घाल, पण त्याचा आवाज तुझ्याइतका खाली आणून. नाहीतर तो मोठा आहे म्हणूनच तुला चांगला वाटत राहील.

आता या आठवड्यात कर ते. टेबल हलव, वहीत स्वरांचा तक्ता काढ आणि त्याचा फोटो मला पाठव. मग जुनं प्रोजेक्ट उघडू नकोस. नवं उघड: एक किक, एक स्नेअर, एक हाय-हॅट, घोस्ट नोट आणि साइनचा सब, बस. सोळा बार. रीस नको, तबला नको, मास्टरवर काही नको. हेडफोनवर आणि गाडीत ते सारखं वाटायला लागलं की वेव्ह फाइल पाठव. एमपीथ्री नको, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोटसारखं तर मुळीच नको. फाइलच्या नावात तारीख घाल, 'फायनल फायनल खरंच फायनल' नको. आणि आईला सांगून ठेव की कोपऱ्यातल्या गाद्या आता पाहुणे आले तरी हलणार नाहीत. ती काय म्हणाली तेही कळव.